चारचौघांत पुन्हा: हल्ल्यानंतर बिथरलेल्या कुत्र्याला बाहेर नेताना

भाद्रपदात गल्लीतली कुत्री कशी वागतात हे वेगळं सांगायला नको. तरीही दोन वर्षांपूर्वी ऐन भाद्रपदात, रात्री साडेदहाला, मी माझ्या कुत्रीला, बुंदीला घेऊन सोसायटीच्या मागच्या फाटकातून बाहेर पडले. कचऱ्याच्या डब्यांपाशी तीन कुत्री होती. पुढचं सगळं अर्ध्या मिनिटात झालं. बुंदीच्या मागच्या मांडीला अकरा टाके पडले.

टाके दोन आठवड्यांत निघाले, केसही परत आले. पण बुंदी काही परत आली नाही. आमची बुंदी म्हणजे गावठी, तपकिरी, तेव्हा चार वर्षांची. इस्त्रीवाल्या दादांपासून तिसऱ्या मजल्यावरच्या आजींपर्यंत सगळ्यांच्या पायात घुटमळणारी. तीच आता रस्त्यापलीकडे कुत्रं दिसलं की पट्टा ताणून, मागच्या दोन पायांवर उभी राहून भुंकायची. महिन्याभरात यादी वाढत गेली. छत्री घेतलेली माणसं, स्कूटरवर मागे बसलेली मुलं, लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'ते कुत्रं चावरं झालंय' असा मेसेजही पडला.

तिला पुन्हा निवांतपणे रस्त्यावरून नेता यायला नऊ महिने लागले. त्यातले पहिले तीन मी स्वतःच्या हाताने वाया घालवले. तुमचे वाचावेत म्हणून हे लिहितेय. कुत्रं भांडणात सापडलेलं असो, लांबलचक आजारपणामुळे घरात अडकलेलं असो किंवा बोर्डिंगमधून बिथरून आलेलं असो, वाट बरीचशी हीच आहे. मांजरांचं गणित निराळं, त्यात मी पडत नाही.

१. आधी ठरवा, नेमकं काय हवंय

मला वाटायचं, बुंदीने पूर्वीसारखं सगळ्या कुत्र्यांशी खेळलं म्हणजे ती 'बरी' झाली. हे चुकीचं ध्येय होतं, आणि याच ध्येयापायी पुढच्या सगळ्या चुका झाल्या. टाके निघाल्याच्या तिसऱ्या दिवशी मी तिला कुत्र्यांच्या खेळायच्या जागी घेऊन गेले. म्हटलं, चार कुत्री भेटतील, भीती मोडेल. ती पंचवीस मिनिटं बाकाखाली थरथरत बसली आणि घरी आल्यावर दीड दिवस जेवली नाही.

पाण्याला घाबरणाऱ्या मुलाला विहिरीत ढकलून पोहायला शिकवायची पद्धत आपल्याकडे आहे. त्यातली काही मुलं पोहायला शिकतात, काही जन्मभर विहिरीच्या काठाला जात नाहीत. कुत्र्याच्या बाबतीत हा जुगार खेळू नका.

पिल्लांना जगाची ओळख होण्याचा काळ साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा असतो. त्या वयात नवीन गोष्ट सहज स्वीकारली जाते. मोठ्या, घाबरलेल्या कुत्र्याला तो काळ परत मिळत नाही, त्यामुळे 'नुसती सवय लावायची' हा मार्ग इथे चालत नाही. इथे मनात बसलेली एक वाईट जोड सोडवून तिच्या जागी चांगली जोड बसवायची असते. म्हणून ध्येय लहान ठेवा: समोरून कुत्रं किंवा माणूस गेलं, आपल्याने पाहिलं, आणि पुढे चालू लागलं. बस. मैत्री झाली तर वरकमाई.

२. पहिली फेरी डॉक्टरांकडे

अनोळखी कुत्र्याचा चावा असेल तर रेबीजची लस आधी झालेली असली तरी त्याच दिवशी पशुवैद्यांना गाठा. पुन्हा कोणते डोस द्यायचे ते तेच ठरवतील. झटापटीत तुम्हाला दात किंवा ओरखडा लागला असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच दवाखान्यात जा. हळद-चुना लावत बसू नका.

हे बहुतेक जण करतात. राहून जाते ती दुसरी तपासणी, महिन्याभराने करायची. कुत्री दुखणं लपवतात. बुंदी लंगडत नव्हती, पण जिना चढताना मागचे दोन्ही पाय एकदम उचलायची. डॉक्टरांनी कंबरेपाशी दाबल्यावर तिने मान वळवून त्यांच्या हाताकडे पाहिलं. एवढीच खूण. सांध्याचं दुखणं, कानातला संसर्ग, गोचीड ताप, यातलं काहीही असलं तरी कुत्रं चिडचिडं होतं आणि कुणी जवळ यायच्या आधीच अंगावर जातं. दुखणाऱ्या कुत्र्याला शिकवत बसणं म्हणजे दाढदुखीवाल्याला पाढे पाठ करायला लावणं. आणि घरातली माणसांची वेदनाशामक गोळी अर्धी करूनसुद्धा देऊ नका, ती कुत्र्यांना बाधते.

३. दोन-तीन आठवडे सुट्टी

याच पायरीवर लोक सगळ्यात जास्त कुरकुरतात, मीही कुरकुरले होते. पण भीतीने ताणलेलं शरीर तासाभरात सैल होत नाही, कधीकधी त्याला दिवसच्या दिवस लागतात. सकाळी एकदा बिथरलेलं कुत्रं संध्याकाळी निम्म्या कारणाने बिथरतं. गॅसवरचं दूध काठापर्यंत आलेलं असताना आच किती वाढली याला अर्थ नसतो, तसंच.

म्हणून काही दिवस काहीही शिकवायचं नाही. फक्त बिथरण्याचे प्रसंग टाळायचे. आम्ही काय केलं:

फिरायच्या वेळा पहाटे पाच आणि रात्री साडेअकरा केल्या. दिवसात मधली फेरी फक्त शी-शूपुरती, पुढच्या फाटकापासून गुलमोहरापर्यंत आणि परत. लिफ्ट बंद, जिना सुरू. (चौथा मजला. माझं दोन किलो वजन कमी झालं, हा एकमेव फायदा.) बाल्कनीच्या जाळीला खालून तीन फूट जुनी चादर बांधली, कारण ती दिवसभर तिथे बसून रस्त्यावरच्या प्रत्येक कुत्र्यावर भुंकायची आणि तो सगळा सरावच होता, नको त्या गोष्टीचा.

फिरणं कमी झालं की डोकं रिकामं राहतं, त्याला काम द्या. जेवण ताटलीत न देता जुन्या टॉवेलच्या घड्यांमध्ये लपवा, पुठ्ठ्याच्या खोक्यात कागदाच्या बोळ्यांखाली टाका. वास घेत शोधण्याने कुत्रं शांत होतं आणि चांगलं दमतंही. पंधरा मिनिटं हुंगून झाल्यावर बुंदी जी झोपायची ती पाऊण तासाच्या फिरण्यानंतरही झोपत नसे.

४. भीती वाचायला शिका

भुंकणं हा शेवटचा शब्द असतो. त्याआधी कुत्रं बरंच काही बोलून गेलेलं असतं. झोप आलेली नसताना जांभई. समोर खाणं नसताना ओठांवरून फिरलेली जीभ. मान तिकडे, डोळे इकडे, आणि डोळ्यात दिसणारी पांढरी चंद्रकोर. उघडं, सैल तोंड एकदम मिटणं. अंग कोरडं असताना ओल्यासारखं झटकणं. एक पंजा उचलून थिजणं. आवडता खाऊ न घेणं, किंवा घेतला तरी बोटाला दात लागतील अशा घाईने घेणं.

शेपटीचा फार मोठा गैरसमज आहे. शेपूट हलते म्हणजे कुत्रं खूश, असं नाही. सगळं अंग सैल ठेवून, कंबरेपासून हलणारी शेपूट वेगळी आणि ताठ उभी राहून नुसतं टोक थरथरणारी वेगळी. दुसरी दिसली की तिथून निघा.

आणि गुरगुरण्यावर कधीही ओरडू नका. गुरगुर ही गाडीच्या हॉर्नसारखी आहे. हॉर्न काढून टाकला तर अपघात टळत नाही, फक्त आधी कळत नाही.

वहीत तीन रकाने आखा: काय दिसलं, किती अंतरावर, बुंदीने काय केलं (तुम्ही तुमच्या कुत्र्याचं नाव घाला). दहा दिवसांत चित्र स्पष्ट होतं. आमच्या वहीप्रमाणे काळी मोठी कुत्री साठ पावलांवर, लहान पांढरी कुत्री पंचवीस पावलांवर, छत्री पंधरा पावलांवर. हल्ला करणाऱ्यांतलं एक काळं होतं, ते मला वही भरल्यावरच आठवलं. हे अंतर म्हणजे तुमच्या कामाची सीमारेषा. या रेषेच्या आत कुत्रं शिकत नाही, फक्त घाबरतं.

५. सामान आणि कागदपत्रं

- छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा बसणारा, खांदे मोकळे ठेवणारा हार्नेस. पुढे छातीवर आणि मागे पाठीवर कडी असलेला मिळाला तर उत्तम.
- दोन मीटरचा साधा पट्टा आणि मोकळ्या जागेसाठी पाच मीटरचा लांब पट्टा. बटण दाबून आत-बाहेर होणारा दोरीचा पट्टा नको, ऐन वेळी तो आवरत नाही आणि हात कापतो.
- कंबरेला बांधायची खाऊची पिशवी. दर वेळी खिशात हात घालून प्लॅस्टिक चुरचुरवत बसलात तर वेळ हुकते.
- खाऊ: मीठ-मसाला-कांदा-लसूण न घातलेलं उकडलेलं चिकन किंवा पनीर, हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे. बेदाणे, मनुका, द्राक्षं, चॉकलेट मुळीच नाही. पीनट बटर वापरणार असाल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) नाही ना ते पाहा, कुत्र्यांसाठी ते विष आहे.
- मुसकं. याविषयी खाली लिहिते.
- लसीकरणाची पुस्तिका, महापालिकेचा कुत्रा पाळण्याचा परवाना, हल्ल्यानंतरच्या उपचारांचे कागद. तिन्हींचे फोटो फोनमध्ये ठेवा. सोसायटीशी बोलायची वेळ येते तेव्हा तोंडी वादापेक्षा यांचा उपयोग जास्त होतो.
- वही.

लोखंडी साखळीचा फास, काट्यांचा पट्टा, शॉक देणारा पट्टा यांतलं काहीही घेऊ नका. मी एका प्रशिक्षकाचं ऐकून साखळीचा फास वापरला होता. समोर कुत्रं दिसलं की झटका. तीन आठवड्यांत बुंदीचं भुंकणं खरोखर बंद झालं आणि मी पेढे वाटायचीच बाकी होते. मग एके दिवशी, आवाज नाही, गुरगुर नाही, तिने थेट शेजारच्या लॅब्रॅडॉरचा कान धरला. तिच्या दृष्टीने हिशोब सोपा होता: कुत्रं दिसलं की मानेला कळ येते, म्हणजे कुत्री वाईटच.

मुसकं म्हणजे मळणीच्या वेळी बैलाच्या तोंडाला बांधतात तसं. कुत्र्यासाठी पिंजऱ्यासारखी जाळी घ्या, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं, खाऊ घेता येतो. तोंड आवळून टाकणारं कापडी मुसकं फिरायला वापरू नका. कुत्रं धापा टाकूनच अंगातली उष्णता बाहेर टाकतं. मुसकं एका दिवसात चढवायचं नसतं. आधी जाळीच्या आत दही लावा आणि कुत्र्याला स्वतःहून तोंड घालू द्या, मग क्षणभर धरा, मग बंद बांधा, मग घरात दोन मिनिटं. आम्हाला बारा दिवस लागले. लोक बघतात, 'चावतं का हो?' विचारतात. विचारू द्यात. शिवाय मुसकं दिसलं की लोक आपणहून लांब होतात, आणि लांब होणं हेच तर आपल्याला हवंय.

६. घरात तीन शब्द पक्के करा

रस्त्यावर नेण्याआधी, टीव्हीचा आवाज बंद करून, हॉलमध्ये.

'बघ': नाव घेऊन 'बघ' म्हटलं की तुमच्याकडे पाहायचं. पाहिलं की तुकडा.

'मागे चल': तुम्ही गर्रकन उलट फिरलात की कुत्र्यानेही फिरायचं. हा शब्द आनंदाने म्हणायची सवय लावा, कारण रस्त्यावर तो तुम्ही घाबरून म्हणणार आहात आणि ते आवाजातून कळतंच.

'शोध': सात-आठ तुकडे जमिनीवर पसरायचे. नाक खाली गेलं की नजर आपोआप समोरच्यावरून उतरते.

आठवडाभर दिवसातून तीनदा, दर वेळी चार-पाच मिनिटं पुरेत. मग जिन्यात, मग पार्किंगमध्ये.

७. खरं काम: लांबून पाहणं

इव्हान पावलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाचे घंटा आणि लाळेचे प्रयोग शाळेत वाचलेले असतात: घंटेमागून खाणं, असं वारंवार झालं की नुसत्या घंटेनेही कुत्र्याला लाळ सुटते. (त्यांना १९०४ साली नोबेल मिळालं ते मात्र पचनक्रियेच्या अभ्यासासाठी.) आपल्याला तेच करायचंय. घंटेच्या जागी कुत्रं, एवढाच फरक.

जागा निवडणं हे अर्धं काम. मोकळी हवी, लांबवर दिसणारी हवी, आणि मागे हटायला वाट हवी. आमच्या भागातल्या बहुतेक बागांच्या दारावर कुत्र्यांना मनाईची पाटी आहे. नदीकाठ चांगला होता, पण गणपतीच्या आधीचे दोन महिने तिथे ढोल पथकांचा सराव चालतो. शेवटी मला सापडलं रविवारी बंद असलेल्या एका बँकेसमोरचं पार्किंग. समोर रुंद रस्ता, पलीकडच्या फुटपाथवरून सकाळी सात ते आठ पट्ट्यातली कुत्री जातात. सुटी कुत्री नाहीत हे महत्त्वाचं, सुटं कुत्रं तुमचं अंतर एका क्षणात मोडून जवळ येतं.

आता कृती. वहीतल्या अंतरापेक्षा दहा-पंधरा पावलं जास्तच लांब उभ्या राहा. साठ असेल तर पंचाहत्तर. पलीकडे कुत्रं दिसलं. आपल्याने पाहिलं. पाहिलं की लगेच चिकन सुरू, एकामागून एक तुकडा, कुत्रं दिसेनासं होईपर्यंत. दिसेनासं झालं की चिकन बंद, हात खाली, तुम्ही कंटाळवाण्या. बसायला सांगू नका, 'गुड गर्ल'चा गजर नको. हे बक्षीस नव्हेच. तिने काही चांगलं केलं म्हणून चिकन नाही, तर तिकडे कुत्रं आलं म्हणून चिकन आलं, हे तिच्या डोक्यात बसायला हवं.

क्रम उलटा झाला की सगळं फसतं. आधी चिकन दाखवून लक्ष वेधायचं आणि मग कुत्रं येऊ द्यायचं, असं मी सुरुवातीला करत होते. परिणाम असा झाला की मी पिशवीला हात लावला की बुंदी दचकून चारी बाजूंना पाहायची. चिकन निघालं म्हणजे कुत्रं येणार! म्हणून आधी कुत्रं, मग चिकन. हे दारावर लिहून लावा हवं तर.

एका वेळी पाच-सहा कुत्री, फार तर पंधरा मिनिटं, आणि घरी. आठवड्यातून तीन किंवा चार दिवस. रोज नको. 'आज इतकं छान चाललंय, अजून एक होऊन जाऊ दे' असं वाटलं की तेव्हाच निघायचं. माझे सगळे अपघात या 'अजून एक'मध्ये झालेत.

मग एके दिवशी ती गंमत घडते. कुत्रं दिसतं, आपलं पाहतं, आणि न सांगता वळून तुमच्या तोंडाकडे पाहतं: 'चिकन?' बुंदीच्या बाबतीत हे पाचव्या आठवड्यात झालं. भर रस्त्यात मला रडू आलं, रिक्षावाले काका थांबून विचारायला लागले. ही नजर सलग तीन-चार दिवस मिळाली की पाच पावलं पुढे सरका. फक्त पाच. पुढे सरकल्यावर पुन्हा अंग ताठ झालं, तर दहा मागे या. मागे येण्यात काही कमीपणा नाही.

एक शंका हमखास विचारली जाते: भुंकत असताना चिकन दिलं तर भुंकणं वाढेल ना? घाबरलेल्याला जवळ घेतलं तर भीती वाढते का, त्यातलाच हा प्रश्न. भीती ही भावना आहे, लाडाने ती वाढत नाही. पण कुत्रं भुंकण्यापर्यंत गेलं म्हणजे तुम्ही फार जवळ होतात, हे मात्र खरं. तेव्हा 'मागे चल', अंतर वाढवा, मग पुढचा विचार.

८. सोबत चालणं

समोरचं कुत्रं पंधरा-वीस पावलांवर असतानाही आपलं शांत राहायला लागलं की एक शांत कुत्रं उसनं मागा. वयाने मोठं, दुसऱ्यांकडे ढुंकून न पाहणारं. आम्हाला मिळाला नऊ वर्षांचा एक जाडा पग, ज्याला जगात बिस्किटाखेरीज कशातच रस नव्हता.

समोरासमोर आणायचं नाही. रुंद रस्त्याच्या दोन कडांनी एकाच दिशेने चालायचं. दोन्ही कुत्री बाहेरच्या बाजूला, माणसं आतल्या बाजूला. पंधरा मिनिटं चाला आणि आपापल्या घरी. पुढच्या वेळी अंतर थोडं कमी. पाचव्या-सहाव्या फेरीला एकाच्या मागून दुसऱ्याला चालू द्या, म्हणजे पुढच्याने सोडलेला वास मागच्याला निवांत घेता येतो. कुत्र्यांच्या ओळखी मुळात अशाच होतात. नाकाला नाक लावून, पट्टे ताणून उभं करणं ही माणसांची हौस.

भेट घडवलीच, तर पट्टे सैल ठेवा, मनात एक-दोन-तीन मोजा, आणि दोघांना हाक मारून बाजूला करा. बरं वाटलं तर पुन्हा तीन सेकंद. बुंदी आणि पग दीड महिना नुसते सोबत चालले. भेटले ते नंतर, आणि भेटीत पग तिच्याकडे पाठ करून बसला. यापेक्षा सभ्य ओळख मी पाहिलेली नाही.

९. माणसं, पाहुणे आणि लिफ्ट

माणसांसाठीही कृती तीच, लांबून आणि चिकनसकट. फक्त माणसं ऐकत नाहीत, हा फरक. 'अहो, मला कुत्री ओळखतात' म्हणत हात पुढे करणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात. हसून, पण ठाम सांगा: 'काका, तिची ट्रीटमेंट चालू आहे, हात नका लावू.' 'ट्रेनिंग' म्हटलं की लोक शिकवायला येतात, 'ट्रीटमेंट' म्हटलं की लांब होतात. हा शोध माझा.

अनोळखी माणसाच्या हातून खाऊ देऊ नका. चिकनच्या मोहाने कुत्रं जवळ जातं, चिकन संपतं, आणि त्याला एकदम कळतं की आपण किती जवळ आलोय. चावे नेमके याच क्षणी बसतात. खाऊ तुम्हीच द्यायचा, पाहुण्याने फक्त असायचं. बघायचं नाही, बोलायचं नाही, वाकायचं नाही.

पाहुणे यायच्या आधी कुत्र्याला आतल्या खोलीत, त्याच्या अंथरुणावर, चघळायला काहीतरी देऊन ठेवा. सगळे बसले, चहा झाला, आवाज स्थिरावले, मग पट्ट्यावर बाहेर आणा. हळदीकुंकू, सत्यनारायण, मुलांचा वाढदिवस असेल तर बाहेर आणूच नका. आमच्या कामवाल्या मावशींनी मात्र स्वतःहून वेगळी युक्ती काढली. त्या आल्या की दारातूनच बुंदीच्या दिशेने भाकरीचा तुकडा भिरकावायच्या आणि तिच्याकडे न बघता थेट मोरीत जायच्या. पंधराव्या दिवसापासून बुंदी त्यांच्या यायच्या वेळेला दाराशी जाऊन बसायला लागली. पावलॉव्ह न वाचता.

लिफ्ट शेवटी घ्या, कारण तिथे अंतर नावाचं औषधच नाही. रिकामी लिफ्ट, दार उघडं, आत खाऊ, बाहेर. मग एक मजला. कुणी आत असेल तर 'तुम्ही व्हा पुढे' म्हणा. लिफ्टवरून वाद झालाच, तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाची २०१५ सालची मार्गदर्शक तत्त्वं छापून जवळ ठेवा. पाळीव प्राण्यांना सोसायटीत बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. शी उचलणं, पट्टा लावणं ही आपली बाजू मात्र चोख हवी. मी सेक्रेटरींना भांडायला नाही, वही दाखवायला गेले होते. साठ पावलांपासून बारा पावलांपर्यंतचे आकडे पाहून ते म्हणाले, 'एवढा अभ्यास आमच्या मुलाने केला असता तर...' ग्रुपवरचे मेसेज त्यानंतर थांबले.

१०. फसलेला दिवस

येणारच. वळणावर अचानक कुत्रं समोर येतं, किंवा कुणाचं तरी सुटं कुत्रं 'तो काही करत नाही हो' या आरोळीसकट धावत येतं. अशा वेळी मधे उभ्या राहा, मूठभर खाऊ त्या येणाऱ्या कुत्र्याच्या तोंडावर फेका आणि आपलं घेऊन निघा. पार्क केलेली गाडी आडोशाला उत्तम. आपल्या कुत्र्याला उचलून घेऊ नका, समोरचं कुत्रं उड्या मारतं आणि मधे तुमचा चेहरा येतो. दोन कुत्री जुंपलीच तर मधे हात घालू नका.

त्यानंतर दोन-तीन दिवस पुन्हा तिसरी पायरी: पहाटेची फेरी, टॉवेलातलं जेवण. मग आधीच्या अंतराच्या दीडपट लांबून सुरुवात. वहीत तारीख घालून लिहा, नाहीतर आपल्याला वाटत राहतं की 'काहीच फरक पडत नाहीये.'

दिवाळीचे आठ दिवस कुठलाही सराव नाही. फटाक्यांची फार भीती असेल तर महिनाभर आधी डॉक्टरांशी बोला, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी फोन करून उपयोग नसतो.

११. मदत कधी घ्यायची

सहा-आठ आठवडे नीट सराव करूनही अंतर कमी होत नसेल, कुत्रं घरातही दचकत असेल, झोपत नसेल, किंवा कुणाला प्रत्यक्ष चावलं असेल, तर वर्तनाचा अभ्यास असलेल्या पशुवैद्यांकडे जा. भीती कमी करणारी औषधं असतात. काही रोज द्यायची, त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, तर काही ठरावीक प्रसंगाआधी द्यायची. औषध घेणं म्हणजे हरणं नव्हे. पण 'याने नुसती गुंगी येणार की भीतीही कमी होणार?' हे डॉक्टरांना जरूर विचारा, कारण अंग जड होऊन आत भीती तशीच असलेलं कुत्रं आणखी हवालदिल होतं.

प्रशिक्षक निवडताना मी आता दोनच प्रश्न विचारते. कुत्र्याने बरोबर केलं तर तुम्ही काय करता? आणि चुकलं तर काय करता? दुसऱ्या उत्तरात 'झटका', 'दाबून धरतो', 'बॉस कोण ते दाखवतो' यातलं काही आलं, की चहा पाजून निरोप द्यायचा. 'पंधरा दिवसांत गॅरंटी' म्हणणाऱ्याला चहासुद्धा नाही.

बुंदी आता सहा वर्षांची आहे. काळ्या कुत्र्यांशी अजून बारा पावलांचं अंतर ठेवते, आणि तेवढं मी तिला ठेवू देते. भाद्रपद लागला की आम्ही दोघी महिनाभर पुढच्या फाटकानेच बाहेर पडतो, आणि साडेदहाच्या ऐवजी साडेआठला.